तीन नंबरचा प्लग

मी आधी सांगितलं ते असं होतं:

«निकिताच्या गाडीचं इंजिन गेलं, वाईट वाटलं. मॅप मी केला आहे. लॉग माझ्याकडे आहेत, आकडे बरोबर आहेत. मधल्या काळात प्लगला कोणी हात लावला होता का, तेवढं बघावं लागेल. — अक्षय»

तेवीस नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, आमच्या रायडरांच्या ग्रुपवर टाकलेला हा मेसेज. त्यात धडधडीत खोटं असं एकही वाक्य मला तेव्हा दिसत नव्हतं. म्हणूनच तो खोडून पुन्हा लिहायला एवढा वेळ लागतो आहे.

दुरुस्तीची पद्धत

यवतमाळजवळ, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. मोठ्या मोटरसायकलींचं फ्युएल इंजेक्शन मी ट्यून करतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो, त्यालाच मॅप म्हणतात. एका बाजूला अ‍ॅक्सिलरेटर किती पिळला ते, दुसऱ्या बाजूला इंजिन किती वेगात फिरतंय ते. मधल्या प्रत्येक रकान्यात एक आकडा: त्या क्षणी किती पेट्रोल सोडायचं. सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला की कंपनीचे आकडे चुकायला लागतात. मग मी सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर बसवतो. तो जळलेल्या धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल जास्त होतंय की कमी ते सांगतो. गाडी पळवायची, मीटर बघायचं, आकडा दोनने वाढवायचा, तीनने कमी करायचा. पुन्हा पळवायची.

हे लिहितानाही तसंच करणार आहे. दुसरी पद्धत मला येत नाही.

«कोणी»

हा शब्द खोडतो. तिथे देवरावकाका लिहितो.

देवराव खोब्रागडे. नेरच्या बसस्टँडमागे त्यांचं दुकान आहे. आयटीआय झाल्यावर चार वर्षं मी तिथे होतो. काका कार्बोरेटरवाले, जुन्या गाड्यांत पेट्रोल-हवेचं मिश्रण स्क्रूने जुळवणारे. गाडी चालू करून टाकीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि स्क्रू पाव वळसा फिरवायचे. पेट्रोल कमी पडणाऱ्या गाडीला ते उपाशी म्हणायचे, जास्त पिणाऱ्या गाडीला अजीर्ण झालेली. मला चार वर्षांत दोन्ही आवाज वेगळे ओळखता आले नाहीत. मी हो हो म्हणायचो. पुढे पुण्याला जाऊन इंजेक्शनचा कोर्स केला तो त्यामुळेच. स्क्रीनवर आकडा दिसतो, हो म्हणावं लागत नाही.

हे इतकी वर्षं कोणालाच माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

«हात लावला होता का»

लावला होता. कसा, ते मला मेसेज टाकताना पूर्ण माहीत होतं.

निकिता कळंबच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिची गाडी चार सिलिंडरची, साडेसहाशे सीसीची, पुण्याहून आणलेली. जानेवारीत तिला ती कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची होती. दोन वर्षं त्यासाठी ती पहाटे उठून महामार्गावर सराव करत होती. मॅप मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करून दिला. गावात गाडी लोण्यासारखी चालायची, तिनेच तसं ग्रुपवर लिहिलं होतं.

नऊ नोव्हेंबरला ती मावशीकडे नेरला गेली. अमरावती रस्त्याच्या चढावर तिने गाडी जोरात पिळली, आणि परत येताना बघते तर देवरावकाका रस्त्यात हात आडवा करून उभे. त्यांनी दुकानातूनच आवाज ऐकला होता. तिला म्हणाले, पोरी, ही वर चढताना उपाशी राहून राह्यली. मग त्यांनी एका तासात टाकी उचलून तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढला.

चांगला प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा निघतो. हा चुना फासल्यासारखा पांढरा होता, पेट्रोल कमी पडून आत फार तापलं की होतो तसा. टोकाला बारीक चमकणारे कण. काकांनी त्याच नंबरचा नवा प्लग बसवला, जुना पेपरात गुंडाळून तिच्या हातात दिला, अक्षयला दाखव म्हणाले, आणि तो बघेपर्यंत गाडी पूर्ण पिळू नको म्हणून बजावलं.

तिने मला पुडी दिली. मी उघडली. पांढरा प्लग मला दिसला.

मी लॅपटॉप उघडून तिला लॉगचा, म्हणजे मीटरच्या नोंदींचा, आलेख दाखवला. सगळीकडे तेरा, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेरा भाग हवा, हवं तेच प्रमाण. काकांना म्हणावं, चार सिलिंडरचं इंजिन कानाने ऐकू येत नसतं, असं म्हणालो आणि हसलो. तीही हसली. पुडी ड्रॉवरमध्ये टाकली. ती निश्चिंत होऊन गेली.

«वाईट वाटलं»

राहू देतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

बावीस नोव्हेंबर, शनिवार. कळंबकडून येताना, रस्ता रिकामा, पाचवा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. बराच वेळ पूर्ण. तीन नंबरचा पिस्टन वितळला आणि त्यात बोटाचं पेर जाईल एवढं भोक पडलं. मागचं चाक क्षणभर जागीच धरलं गेलं. निकिताने क्लच दाबला म्हणून ती आज आहे. गाडी पिकअपमध्ये घालून ती माझ्याकडे आली तेव्हा डाव्या बुटावर ऑइल होतं. ती नेहमीसारखी हसत सगळं सांगत होती, पण चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला होता.

इंजिन मी त्याच संध्याकाळी उघडलं. भोक दिसलं. पहिला विचार तिचा आला नाही. पहिला विचार आला: ड्रॉवर.

दुसऱ्या दिवशी मेसेज टाकला. मी काकांचं नाव घेतलं नाही. मी फक्त विचारलं. तीन मिनिटांत बबलूने, आमच्यातल्या सगळ्यात बोलक्या पोराने, लिहिलं: «नेरच्या बुढ्यानं प्लग बदललता न. कार्बोरेटरवाल्यानं इंजेक्शनले हात लावूच नये.» खाली अंगठे पडत गेले. निकिताने काही लिहिलं नाही.

मी बबलूला उत्तर दिलं नाही.

(दुरुस्ती. मीही अंगठा टाकला. रात्री, सगळ्यांच्या नंतर.)

आमच्या ग्रुपवरच्या निम्म्या पोरांकडे घरी बापाची जुनी बुलेट आहे. ती सेट करायला सगळे नेरला जायचे. डिसेंबरात कोणी गेलं नाही. बबलूचा चुलतभाऊ नेरहून गाडी पिकअपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आला, काकांचं दुकान उघडं असताना.

«आकडे बरोबर आहेत»

हे सगळ्यात मोठं खोडायचं आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोशनच्या गाडीचं काम आलं. रोशन लोहाऱ्याचाच, तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी गाड्या चालवतो. माझ्या सेन्सरची वायर ढिली झाली होती म्हणून नवा सेन्सर मागवला होता. तो शेडच्या बाहेर मोकळ्यावर धरून सुरू केला आणि सहज म्हणून जुना आणि नवा, दोन्ही एकाच गाडीला लावले. गाडी जागेवर हळू चालू असताना दोन्ही सारखेच. रस्त्यावर पूर्ण पिळल्यावर जुन्याने बारा दाखवले, नव्याने तेरा.

समजायला सोपं करून लिहितो. पेट्रोल बरोबर असताना जुना सेन्सर ओरडत होता की फार जास्त होतंय. मी त्याचं ऐकून पेट्रोल कमी करत गेलो. जास्त जोरात पिळलं की जास्त कमी. गावात काहीच कळलं नसतं. पूर्ण पिळून बराच वेळ चालवली की इंजिन कोरडं जळत राहणार. उपाशी. काकांनी जो शब्द वापरला होता तोच.

सेन्सर असा का झाला, ते लॅपटॉपमध्ये लिहिलेलं होतं. जुन्या सेन्सरचं शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याला हवा दाखवून जुळवणं: १ ऑक्टोबर, सकाळी ११:४२.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी होती.

११:४२

खंडेनवमीला आई वर्कशॉपमध्ये येते. लाल कापड अंथरलं जातं, त्यावर पाने, टॉर्क रेंच, ड्रिल, आणि त्या वर्षी नवीन घेतलेलं मीटर त्याच्या सेन्सरसकट. झेंडूचे हार. हळदीकुंकवाची बोटं. गोवरीच्या निखाऱ्यावर राळ आणि ऊद. आमच्याकडे पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. दसऱ्याला सकाळीच उचलायचं. आई त्याबाबत फार कडक आहे, आणि मीही आहे, ती असताना.

निकिता त्या दिवशी गाडी घेऊन आली, चांगला दिवस आहे, आजपासून सुरुवात कर म्हणाली. देवरावकाकाही आले होते. ते दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, रोशनच्या घरचेही जातात. नेरहून निघून यवतमाळला बस बदलायची, तर वाटेत माझं नवीन मीटर बघावं म्हणून मीच बोलावलं होतं. पांढरे कपडे, खांद्याला पिशवी. पूजेच्या वेळी दाराशी स्टुलावर बसून होते, आईने दिलेला चहा घेत.

नवा सेन्सर वापरण्याआधी त्याला मोकळी हवा दाखवावी लागते. तो त्या हवेला शुद्ध हवा मानतो आणि पुढची सगळी मोजमापं त्यावर लावतो. सूचना मीच मोठ्याने वाचून निकिताला सांगितली. पण सेन्सर पूजेत होता. उचलायचा नव्हता. बटण तर लॅपटॉपवर होतं, आणि लॅपटॉप टेबलावर. बटण दाबणं म्हणजे हत्यार उचलणं नाही, असं मी मनाशी ठरवलं. लाल कापडावर, झेंडूच्या हारात, धुपाच्या धुरात सेन्सर तसाच ठेवला आणि बटण दाबलं.

त्याने तो धूर शुद्ध हवा म्हणून लक्षात ठेवला.

काकांनी तेव्हा काहीतरी म्हटलं, मी काहीतरी म्हटलं. मग त्यांची बस होती, ते गेले.

नेर

तारीख बघितल्यावर चार दिवस मी काहीच केलं नाही. तेही लिहून ठेवतो.

पाचव्या दिवशी नेरला गेलो. काका तांब्याच्या बारीक तारेने कार्बोरेटरचा जेट साफ करत होते. दुकानात दुसरी गाडी नव्हती. चूक माझी होती, प्लगची नव्हती, असं मी उभ्याउभ्याच सांगितलं. सेन्सर, धूर, आकडे, सगळं. बोलताना मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं, ते त्यांनी ओळखलं असावं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. जेट उजेडाकडे धरून त्यातून एका डोळ्याने बघत होते.

मग बोललात का नाही, मी विचारलं.

"कोनाले बोलू? मले कोनं इचारलं?" त्यांनी जेट खाली ठेवला. "तू मले कायले सांगून राह्यला? मले सांगून काय उपेग? ज्याईले लिहिलं त्याईले सांग. मोबाईलवर नको. तोंडानं."

मी हो म्हटलं. चार वर्षं म्हणायचो तसंच.

चहाची टपरी, रविवार

लोहाऱ्याच्या फाट्यावर दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. त्या दिवशी आठ जण होते. निकिता रोशनच्या मागे बसून आली, तिची गाडी माझ्याकडे उघडी पडलेली. मी प्लगची पुडी टेबलावर ठेवली आणि सांगायला लागलो. काका बरोबर होते. प्लग आधीपासून पांढरा होता, तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता, मी बघितला होता. सेन्सरला हवा दाखवताना धूप चालू होता. पूजेतली वस्तू उचलायची नव्हती म्हणून.

बबलू कप खाली ठेवून म्हणाला, "अबे म्हणजे देवाले धूप दाखवता दाखवता पिस्टन जाळला तू."

सगळे हसले. मीही हसलो. हसलो तेव्हा मला कळलं की आता सुटलो. उद्यापासून ही गंमत होईल, कोणी नवीन आलं की बबलू सांगेल, आणि मी त्यात एक भोळा, आईला घाबरणारा पोरगा असेन. काकांच्या बाबतीत मी काय केलं ते त्या गमतीच्या खाली जाईल.

निकिता हसली नव्हती. पुडीतला प्लग ती बोटात धरून फिरवत होती.

"अक्षयदादा, त्या दिवशी मी तिथंच होती," ती म्हणाली. "काकांनी तुला सांगितलं होतं न, सेन्सर बाहेर ने म्हणून?"

"हो."

"मग तू काय म्हटलं?"

मी म्हटलं, आठवत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत मुलांकडे बघत असेल तशी. रागाने नाही, वेळ देत.

दुरुस्ती, ११:४२

«काकांनी काहीतरी म्हटलं, मी काहीतरी म्हटलं.» हे वाक्य खोडतो. झालं ते असं.

मी बटणाकडे हात नेला तेव्हा काका स्टुलावरून म्हणाले, "अरे, त्याले साफ हवा पाह्यजे म्हनतं, अन् धुपात कायले ठेवून राह्यला? बाहेर ने न बापा."

आई तिथे होती. निकिता तिथे होती. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं तो माझ्या नव्या मीटरबद्दल, जे त्याने दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं, मला शिकवत होता. आणि तो बरोबर होता. मी म्हणालो,

"राहू द्या काका. पूजेतली वस्तू उचलत नसतात. तुमच्यात नसते हे, तुमाले नाही समजणार."

काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला. कप खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही. पिशवी उचलली, आईला येतो म्हणाले.

टपरी, पुढे

ते वाक्य मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एकदा अर्ध्यात थांबलो, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. «तुमच्यात» म्हणताना रोशनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

टपरीवाल्याने पातेल्यात साखर टाकली.

रोशन हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळत होता. मग वर न बघता म्हणाला, "आमच्यात मीटर बाहेर नेतात, भाऊ."

बबलूला हसू आलं आणि मध्येच थांबलं. मला काही म्हणायचं होतं. तीन वर्षं आपण बरोबर चालवतो, तुला ठाऊक आहे मी तसा नाही, असं काहीतरी. पण मी तसाच होतो, त्या दिवशी, ११:४२ ला, आणि ते वाक्य शोधावं लागलं नव्हतं. तोंडात तयार होतं.

निकिताने प्लग पुन्हा पेपरात गुंडाळून माझ्यासमोर सरकवला. इंजिन तूच बांधून दे, म्हणाली. पण मॅप झाला की गाडी आधी नेरला जाईल. काका ऐकतील, मगच मी पिळीन, असंही म्हणाली. जानेवारीचा ट्रॅक गेला, त्याबद्दल ती काही बोलली नाही. ते मीच इथे लिहितो.

रोशन उठला. जाताना पुडीवर बोट ठेवून म्हणाला, "हे ज्याचं आहे त्याले नेऊन दे."

नेर, दुसऱ्यांदा

त्याच दुपारी गेलो. काकांच्या दुकानात भिंतीला एक फळी आहे, तिच्यावर जुने प्लग ओळीने उभे असतात, तपकिरी, काळे, तेलकट. प्रत्येक कुठल्या गाडीचा ते त्यांना पाठ आहे. मी पुडी दिली. त्यांनी पांढरा प्लग ओळीच्या शेवटी उभा केला.

टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, मी म्हणालो. ते वाक्यही सांगितलं.

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती की नुसती, मला कळलं नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. माफी मागायला आलो होतो आणि तोंडातून निघाली नाही, असं लिहिणं जास्त बरोबर.

दारात एक जुनी बुलेट लागली होती, बबलूच्या वडिलांची. सकाळी टपरीवरून तो सरळ इकडे आला असणार. काकांनी तिला किक मारली. टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मग हात काढून घेतला आणि मला तिथे हात ठेवायची खूण केली.

मी ठेवला. टाकी थरथरत होती. मी डोळे मिटले.

"काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

मी बराच वेळ ऐकलं. ठोके, एका मागून एक. उपाशी की अजीर्ण, काही उमगेना. लॅपटॉप गाडीत होता.

"मले नाही समजत, काका," मी म्हणालो. "पहिलेपासूनच नाही समजत. मी उगीच हो म्हणत होतो."

त्यांनी स्क्रू पाव वळसा फिरवला.

"आता?"